तळाचा फॉर्म

"कोनाले खरं वाटनार नाही, पन मले एकदा अर्धा गोल भेटला होता," मधुसूदन म्हणाला, आणि हिंगण्याकडे निघालेल्या कंपनीच्या बसमधल्या पुढच्या चार रांगांच्या माना मागं वळल्या.

"अर्धा?" शेजारी बसलेल्या अमोल फिटरनं डबा मांडीवर घट्ट धरला. बस वळणावर होती आणि गोष्टही.

"अर्धा म्हणजे अर्धाच. कामठीच्या टीमसंगं फायनल. मे महिना. ग्राउंड असं तापलं होतं का त्यायचा गोलकीपर एका पायावर उभा राहे अन् दुसरा थंडा करे. म्या हाफलाइनवरून लाथ हानली. बॉल हवेतच फुटला. ब्लॅडर गेलं गोलच्या वरून, चामडं गेलं जाळीत. रेफ्री डोस्कं धरून खालीच बसला. गोल ब्लॅडरचा मानाव का चामड्याचा? शेवटी त्यानं लिहून टाकलं, साडेतीन-तीन."

"मंग? जिंकले तुमी?"

"अर्ध्या गोलानं जिंकलो. कप बी अर्धाच देत होते. वरचा वाटा त्यायले, बूड आमाले. म्या म्हटलं, राहू द्या बावा, घरी बायको चहा कशात गाळन?"

बस हसली. मधुसूदनच्या गोष्टींवर ही बस डिझेलशिवायही हिंगण्याला पोचेल, असं ड्रायव्हर म्हणायचा. माणूस बेचाळीस वर्षांचा होता. त्याचे गुडघे मात्र सत्तरीला आले होते. गिअरचे दात कापायच्या मशीनवर आठ तास उभं राहायचं आणि संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या मैदानावर दोन तास पळायचं, असं त्याचं वीस वर्षं चाललेलं. त्यातली अठरा वर्षं तो 'तलाव स्पोर्टिंग'चा कॅप्टन. सेंटर बॅक, जर्सी नंबर पाच. पेपरात त्याचं नाव एकदाच आलं होतं, तेही 'माधव' म्हणून. ते कात्रण त्यानं जपून ठेवलं होतं आणि माधव हा आपला जुळा भाऊ आहे, असं तो नव्या पोरांना सांगत असे.

"यंदा खेळून राहिले का कॅप्टन?" अमोलनं विचारलं. "का बस झालं आता?"

"यंदाचा सीझन शेवटचा. क्लबात सांगून देल्लं हाय. शेवटच्या मॅचची शिट्टी वाजली का आपल्या पायानं चालत बाहेर येईन, अन् लाइनीवर बसून स्वतः बूट सोडीन. बस, मंग काही नाही पायजे."

हे तो थट्टेत बोलला नव्हता. अमोलला ते कळलं, म्हणून त्यानंही थट्टा केली नाही.

"अन् फॉर्म? माह्या भाच्याचं रजिस्ट्रेशन झालं म्हने. आज लास्ट डेट हाय ना?"

"पाचपर्यंत. आता फॉर्म कुठं राह्यला गा. ऑनलाइन झालं सारं. विक्रम भरते तिकडून, मंग आपल्या फोनवर ओटीपी येते, तो त्याले सांगाचा."

"अन् फोन तर तुमी गेटवर जमा करान!"

मशीन शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी होती. सकाळी गेटवर ठेवायचा, शिफ्ट सुटली की घ्यायचा.

"म्हनूनच घरी ठेवून आलो. कामिनीजवळ. तिले सांगितलं, सहा आकडे आले का विक्रमले फोन करून वाचून दाखवजो. काही कठीण नाही त्यात."

ऑनलाइनच्या आधी हा सगळा सोहळा मधुसूदनच्या घरी होत असे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळी टीम त्याच्या दोन खोल्यांत घुसायची. त्याची बायको कामिनी तर्री-पोहे करायची. एकेका पोराला समोर बसवून मधुसूदन स्वतःच्या हातानं फॉर्म भरायचा, कारण पोरांच्या अक्षरावर त्याचा विश्वास नव्हता. फोटो चिकटवायचा, सही घ्यायची, फॉर्म ठेवायचा. सगळ्यांचे झाले की आपला. आणि आपला फॉर्म तो नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचा. वर पोरं, खाली कॅप्टन. "बिल्डिंग पायापासून उभी राहते गा," असं म्हणायचा. त्याच्या आधीचा कॅप्टनही तसंच करायचा, त्याच्या आधीचाही. तलाव स्पोर्टिंगमध्ये कॅप्टनचा फॉर्म वर दिसला असता तर लोकांनी त्याला गर्विष्ठ म्हटलं असतं.

यंदा व्हाइस कॅप्टन विक्रम लॅपटॉप घेऊन आला होता. चोवीस वर्षांचा, झटपट कामाचा. मधुसूदननं सवयीनं त्यालाही तेच सांगितलं होतं. "पोरायचे भर आधी. माह्यं शेवटी."

विक्रम म्हणाला होता, "बरोबर हाय दादा. तुमी टेन्शनच नका घेऊ."

*

साडेचारला बस सक्करदरा चौकात थांबली. मधुसूदन घरी पोचला तेव्हा कामिनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. चार्जरची वायर आखूड, म्हणून ती स्विचपाशीच. फोन मांडीवर. कणीक मळलेली तशीच परातीत, वर ओलं फडकं.

"आला?" त्यानं बूट न काढता विचारलं.

"नाही आला."

"म्हणजे काय, नाही आला?"

"म्हणजे नाही आला. एक बँकेचा मेसेज आला, एक गॅसचा. तुमचे सहा आकडे नाही आले. शेजारची प्रेमिला बोलवाले आली होती, तिच्याकडं बी नाही गेली मी. आंघोळीले गेली त बालदीवर पाट ठेवून त्यावर फोन ठेवला."

त्यानं विक्रमला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"दादा, दोनदा पाठवला ओटीपी," विक्रम म्हणाला. मागं पोरांचा गलका होता. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. तिकडून कोनी सांगितलंच नाही. आता साइट हँग होऊन राहिली. पाहतो मी."

पाच वाजता साइट बंद झाली. मधुसूदननं फोन खाटेवर टाकला आणि कामिनीकडे वळला.

"दोनदा पाठवला म्हने त्यानं. झोपली होती का तू?"

"नाही झोपली मी."

"दुपारी डोळा लागला असन."

"म्या सांगितलं ना, नाही लागला."

"मंग मेसेज काय पाखरानं खाल्ला? अठरा वर्षं झाली, एका दिवसाचं काम सांगितलं तुले! एक दिवस जागी नाही राहू शकली?"

कामिनी उठली. परातीवरचं फडकं काढलं. कणीक वरून सुकून तडकली होती. तिनं तिच्यावर पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा मळायला घेतली. ज्या घरात रोज संध्याकाळी एक तरी न घडलेली मॅच खेळली जायची, तिथं दोन दिवस नुसती भांडी वाजत राहिली.

तिसऱ्या दिवशी मधुसूदननं अर्धी सुट्टी टाकली आणि जिल्हा संघटनेच्या ऑफिसात गेला. तिथल्या क्लार्क शोभाताई त्याला अठरा वर्षं ओळखत होत्या. दर वर्षी तो गठ्ठा घेऊन यायचा, एक थाप सांगायचा, त्या हसून पावती फाडायच्या.

"या कॅप्टन. यंदा तुमची गोष्टच नाही ऐकली."

"ताई, जरा पाहता का, माह्या नावाचा ओटीपी कुठं अटकला?"

शोभाताईंनी चष्मा लावला, क्लबचं नाव टाकलं. मग पुन्हा टाकलं. मग स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"तलाव स्पोर्टिंग. पंचवीसपैकी पंचवीस. कोटा फुल आहे तुमचा. पंचविसावं नाव अकरा वाजून दहा मिनिटाले पडलं."

पंचविसावं नाव ऋषी. क्लबचे सेक्रेटरी बाबाराव, गांधीबागेतले कापडवाले, त्यांच्या बहिणीचा मुलगा. दिवाळीत पुण्याहून आला होता. एकदा मैदानावर येऊन गेला होता. बॉलला पायाचं बोट लावून पाहिलं होतं त्यानं, गरम पाण्याला लावतात तसं.

"अन् माह्यं नाव?"

"तुमच्या नावाचा अर्जच नाही."

"रद्द झाला का?"

"सुरूच नाही झाला, भाऊ. कोणी तुमचं नाव टाकलंच नाही त्यात. अर्ज सुरू केल्याशिवाय ओटीपी जातच नाही. एकदाही नाही जात."

"दोनदा पाठवला म्हने."

शोभाताईंनी चष्मा काढला. टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

"लेखी द्या. खेळाडूच्या सहीनं तक्रार आली का कमिटी बसते. तुम्हाले दुसऱ्या क्लबातून घेतीन. क्लबले मात्र सोडणार नाहीत, खेळाडूले फसवलं म्हणून एक वर्ष बाहेर बसवतीन. पण तुम्ही काहून विचार करता? तुम्हाले कोणी केला?"

मधुसूदननं पेन उचललं. 'प्रति' लिहिलं. 'विषय' लिहिलं. अठरा वर्षं शेकडो फॉर्म भरलेलं ते वळणदार अक्षर तिथंच थांबलं. तक्रार केली तर चोवीस पोरं वर्षभर लाइनीबाहेर. नाही केली तर एकटा तो. हिशोब सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच त्याला चीड आली. हे गणित बाबारावांनीही आधी करून ठेवलंच असेल. कॅप्टन काही लिहून देणार नाही. देईल तो कॅप्टन कसला?

त्यानं कागदाची घडी करून खिशात टाकली.

"खरं सांगू का ताई," तो हसून म्हणाला, "मीच बंद करून राहिलो होतो यंदा. पोरायले सांगून बी देल्लं होतं. मीच विसरलो पाहा!"

अठरा वर्षांत शोभाताईंनी त्याच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या होत्या. न हसता ऐकलेली ही पहिली.

तिथून तो सरळ मैदानावर गेला. विक्रम एकटाच प्रॅक्टिससाठी प्लास्टिकचे कोन मांडत होता.

"माह्यं नाव टाकलंच नव्हतं तुनं," मधुसूदन म्हणाला.

विक्रमनं हातातला कोन खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "दादा, तुमीच म्हटलं होतं, माह्यं शेवटी. तसंच भरत गेलो मी. चोवीस झाले अन् बाबाराव काका मागं येऊन उभे राह्यले. म्हने, ऋषीचं टाक. मंग जागाच कुठं उरली?"

"मंग ओटीपी पाठवला म्हनून काहून सांगितलं?"

"काहीतरी सांगाव लागे ना, दादा."

मधुसूदनचा उजवा पाय शिवशिवला. अठरा वर्षांत त्यानं फक्त बॉलच लाथाडला होता, कोनही नाही. त्यानं तो पाय तसाच खाली ठेवला.

"यंदा लेफ्ट साइड कच्ची हाय," तो म्हणाला. "त्या पोराले तिथं खेळवू नको. मार खाईन." आणि निघून आला.

घरी कामिनीनं ताट वाढलं. पाण्याचा तांब्या ठेवताना तिनं विचारलं, "ऑफिसात काय म्हटलं?"

हजार थापा या तोंडातून कशा सहज निघाल्या होत्या! हाफलाइनवरचे गोल, बेशुद्ध पडलेले गोलकीपर, मैदानात शिरून हेडर मारणारी म्हैस. पण 'तुझं खरं होतं' एवढे तीन शब्द निघेनात. ते म्हटले असते तर पुढचंही सांगावं लागलं असतं. कोणी काढलं, कसं काढलं, आणि आपण खिशात घडी घालून परत कसे आलो.

"काही नाही," तो म्हणाला. "झालं ते झालं."

*

पुढच्या आठवड्यात बाबाराव स्वतः घरी आले. पेढे घेऊन.

"कॅप्टन, तुम्हाले असं कसं जाऊ देऊ? लीगची पहिली मॅच आपली आहे, रविवारी सकाळी. मॅचच्या आधी सत्कार. पहिली किक तुमच्या हातानं."

"पायानं," मधुसूदन म्हणाला.

"हां, तेच. पायानं." बाबाराव मोकळे हसले. "अन् वहिनींनी यायलाच पाहिजे बरं का. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो."

रविवारी सकाळी मैदानावर मांडव, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक. शे-दीडशे माणसं. पोरं नव्या जर्सीत. पाच नंबर ऋषीच्या पाठीवर होता आणि कॉलरला दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. बाबारावांनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं, मग ट्रॉफी. ट्रॉफीवर एक सोनेरी माणूस होता. तो मुळात क्रिकेटचा. हातातली बॅट कोणीतरी करवतीनं कापून काढली होती. हात मात्र अजून कव्हर ड्राइव्ह मारत होते.

"कॅप्टनसाहेबांचं मन पाहा," बाबाराव माइकवर म्हणाले. "खेळायची ताकद असून त्यांनी स्वतः होऊन नव्या पोरांसाठी जागा करून दिली!"

टाळ्या झाल्या. माइक मधुसूदनच्या हातात आला. तो तोंड उघडणार एवढ्यात मागून, खुर्च्या संपतात तिथून, एक जुना प्रेक्षक ओरडला, "काहून सोडून राहिला गा, कॅप्टन? दोन साल अजून होते तुह्यात! खरं सांग!"

बाबाराव श्रीफळाच्या शेंडीकडे पाहू लागले, ते तर मधुसूदनच्याच हातात होतं. विक्रम वाकला आणि बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधू लागला. सांगायचं असतं तर हीच वेळ होती. माइक चालू होता, माणसं गप्प होती. ऋषीच्या कॉलरचं लेबल वाऱ्यानं हलत होतं. आणि चोवीस पोरं रांगेत उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्यातल्या अठरांचे पहिले फॉर्म त्यानं भरले होते.

"खरं सांगू?" मधुसूदन म्हणाला. "कोनाले पटनार नाही. पन सांगतो."

लोक पुढं सरकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"लास्ट डेट होती. ओटीपी आला. एकदा नाही, दोनदा आला! पन फोन कोनाजवळ? आमच्या होम मिनिस्टरजवळ. अन् होम मिनिस्टर दुपारच्या झोपेत!"

हशा झाला. त्यानं शाल खांद्यावरून मागं टाकली.

"घोरनं असं का सक्करदऱ्याच्या तलावात लाटा येऊन राहिल्या. ओटीपी बिचारा दारातूनच वापस गेला. दुसऱ्यांदा आला, तो कानापाशी येऊन बसला. म्हने, ऊठ वं बाई, सहा आकड्याचा जीव हाय माह्या, दहा मिनिटात मरून जाईन. इनं कूस बदलली अन् म्हने, उद्या ये, आज दळन हाय!"

मांडव फुटला. मागचा तो जुना प्रेक्षक मांड्यांवर हात मारून हसत होता. बाबारावांनी डोळ्याला रुमाल लावला. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. विक्रम सरळ उभा राहिला, त्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. एवढी चांगली गोष्ट मधुसूदनला आयुष्यात जमली नव्हती. क्लब वाचला, पोरं वाचली, बाबाराव वाचले. आपणही वाचलो, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं.

"तं अशी," तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "अठरा वर्षायची कॅप्टनकी बायकोच्या उशीखाली गेली गा!"

पहिल्या रांगेत कामिनी बसली होती. शेजारच्या बाईनं हसत हसत तिला कोपरानं ढोसलं. कामिनीनं मांडीवरचा पेढ्यांचा पुडा खुर्चीखाली ठेवला, पदर नीट केला आणि उभी राहिली. ती काहीतरी गमतीचं उत्तर देणार म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्या थांबायची वाट पाहत उभी राहिली. तिच्याजवळ माइक नव्हता. मधुसूदननं आपला थोडा पुढं केला, तिनं घेतला नाही. ती लोकांकडे बघत नव्हती, बाबारावांकडेही नाही. फक्त त्याच्याकडे बघत होती.

"खोटं हाय हे," कामिनी म्हणाली. "ओटीपी आलाच नाही. एकदा बी नाही आला. सकाळपासून पाचपर्यंत फोन माह्या हातात होता, अन् मी जागी होती."